कोरे वाफे

घरात सगळ्यात शेवटी लग्न होऊन आली म्हणून तिला धाकटी म्हणायला लागले, आणि ते नाव तिला असं चिकटलं की पन्नाशी उलटली, केस अर्धेअधिक पांढरे झाले, माती संशोधन संस्थेत तिच्या हाताखाली शिकलेली पोरं मोठ्या खुर्च्यांवर जाऊन बसली, तरी घरी ती धाकटीच राहिली. तिचा नवरा चष्मे बनवायचा. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं लहानसं दुकान होतं. तो म्हणायचा, आमच्या घरात एकाचं पोट लोकांच्या डोळ्यांवर चालतं आणि दुसरीचं लोकांच्या पायाखालच्या मातीवर. हा विनोद त्याने इतक्यांदा केला होता, की धाकटी आता तो संपायच्या आधीच मान हलवून मोकळी व्हायची.

तिचं काम बाहेरून बघणाऱ्याला अगदीच रटाळ वाटायचं. माती आणायची, कागदावर पसरून वाळवायची, ढेकळं फोडायची, चाळायची, आम्लात उकळायची, गाळून यंत्राला द्यायची आणि ते सांगेल तो आकडा लिहून ठेवायचा. तिला मात्र त्यात गोडी होती. मुळातच चिवट स्वभाव. एखादी गोष्ट धसास लावल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. आणि राग नाकाच्या शेंड्यावर. काचेचं भांडं नीट न धुता कोणी मांडणीवर ठेवलं, की त्या माणसाची अशी हजेरी घ्यायची की तो पुढचे काही दिवस स्वतःच्या घरचे कपसुद्धा दोनदा विसळत असणार.

एकदा संस्थेत धातू मोजायचं नवीन यंत्र आलं. त्याची परीक्षा घ्यायची म्हणून सगळ्यांनी आपापल्या ओळखीतली माती आणावी असं ठरलं. कोणी परसातली आणली, कोणी कुंडीतली. धाकटीने वन्संच्या मळ्यातली आणली.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर वस्तीच्या कडेचा, ओढ्याकाठचा मळा त्यांनी एकटीने सांभाळला. मळ्याचे दोन तुकडे होते: घराजवळचा उंचावरचा, आणि उतरून गेलं की ओढ्याला लागून असलेला खालचा. भाज्या दोन्हीकडे व्हायच्या, पण वन्संचा खरा लौकिक खालच्या पालकाचा. सकाळच्या बाजारात त्या लाकडी टेबल मांडून बसायच्या, आणि टेबलावर चादर अंथरून होईपर्यंत निम्म्या जुड्या संपलेल्या असायच्या. तोंडाने गोड नव्हत्या. त्यांचं बोलणं मीठ न घातलेल्या उकडलेल्या बटाट्यासारखं, गिळताना पाणी लागायचं. तरी गिऱ्हाइकं बांधलेली होती.

यंत्राने वन्संच्या मातीत कॅडमियम दाखवलं. थोडंथोडकं नाही, बाकी सगळ्यांच्या मातीच्या कितीतरी पट. कॅडमियम हा धातू अंगात गेला की सहजी बाहेर पडत नाही. मूत्रपिंडात साठत राहतो आणि पुढे हाडांच्या मुळावर येतो. धाकटीला वाटलं, यंत्रच चुकतंय. तिने पुन्हा मोजलं. मग दोन्ही तुकड्यांतून नीट नमुने आणून मोजले. वरचा तुकडा निर्मळ निघाला. खालचा तुकडा वाईट होता.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक पडका कारखाना होता. नट-बोल्टांना गंज चढू नये म्हणून तिथे कॅडमियमचा मुलामा द्यायचे. धाकटी लग्न होऊन आली त्याच्याही आधी तो बंद पडला होता आणि आता तिथे नुसत्या भिंती आणि झुडपं होती. पण तो चालू होता तेव्हा त्याचं पाणी ओढ्यात सोडलेलं असायचं, आणि ओढा फुगला की त्याचा गाळ खालच्या तुकड्यावर येऊन बसायचा. वन्संचे वडील त्या गाळावर खूश असायचे. फुकटचं खत आलं म्हणायचे.

धाकटीने हे सगळं वन्संना समजावून सांगितलं. वन्संनी ऐकून घेतलं आणि तिला हात धरून खालच्या तुकड्यात नेलं. पालक गुडघ्याला लागत होता, पानं तळहाताएवढी. "माझ्या मातीला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "आजारी मातीत असं काही उगवतं का?"

खरी मेख तिथेच होती. पालक कॅडमियम आनंदाने शोषून घेतो आणि स्वतः काही कुरकुर करत नाही. पान पिवळं पडत नाही, चव बदलत नाही. धाकटीने हेही सांगितलं. वन्संच्या चेहऱ्यावर असा भाव आला, जणू न दिसणाऱ्या, न कळणाऱ्या गोष्टींचा व्यापार करणारी माणसं त्यांनी याआधीही दारात पाहिली होती.

शेवटी भावाने मध्यस्थी केली. त्याने बहिणीचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. ठरलं ते असं: धाकटीने खालच्या तुकड्यात प्रयोग करायचा. मातीत चुना, कोळशाची भुकटी, कुजवलेलं खत असं काही मिसळलं तर तो धातू मातीतच जखडून राहतो का आणि पालकात कमी चढतो का, ते बघायचं. तोवर खालची भाजी बाजारात न्यायची नाही. वन्सं म्हणाल्या, एवढंच ना, बघ करून.

संस्थेने प्रयोगाला मान्यता दिली. तिथले प्रमुख एके काळी धाकटीच्याच हाताखाली शिकले होते; इस्त्रीचा सदरा, नीट भांग, आणि कोणत्याही गोष्टीतून दाखवण्याजोगं काय निघेल याकडे नजर. नऊ वाफे आखले. तिघांत चुना, तिघांत कोळशाची भुकटी आणि खत, आणि उरलेल्या तिघांत काहीच नाही. या शेवटच्या तिघांना धाकटी कोरे वाफे म्हणायची. त्यांचं महत्त्व वन्संना पटावं म्हणून तिने नवऱ्याच्या दुकानातला दाखला दिला: डोळे तपासताना एक डोळा झाकून ठेवतात, कारण दोन्ही उघडे असले तर कोणत्या डोळ्याला दिसतंय ते कळत नाही. तसंच काहीच न घातलेली माती शेजारी नसेल, तर घातल्याचा गुण आला की नाही हे कशावरून ठरवणार? वन्संनी मान डोलावली. धाकटीला वाटलं, पटलं.

पालक आला, कापला, वाळवला, मोजला. नऊच्या नऊ वाफे सारखे. कोरे आणि भरलेले यांत फरकच नाही. धाकटी दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही. चुन्याने काहीतरी फरक पडायलाच हवा होता. तो सगळीकडे पडतो, मग याच मातीला काय धाड भरली होती? तिने कोऱ्या वाफ्यांची उरलेली माती काढली, पांढऱ्या कागदावर चाळली आणि चाळणीत राहिलेला चुरा भिंगाखाली धरला. त्यात काळे कोळशाचे कण होते, आणि करडी राख.

ती तशीच उठली आणि मळ्यात गेली. वन्सं मागच्या पायरीवर बसून जुड्या बांधत होत्या.

"वन्सं, कोऱ्या वाफ्यांत राख टाकलीत?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

"शेगडी साफ करेन तेव्हा मूठ-दोन मूठ." वन्संनी दोरीची गाठ दातांनी ओढली. "बाकीच्यांना तू घालत होतीस की. या तिघांकडे कोण बघणार?"

"त्यांना काही घालायचं नाही, हेच तर ठरलं होतं ना."

"ठरलं होतं," वन्सं म्हणाल्या. "पण सहा जणांना पान भरून वाढायचं आणि तिघांना समोर उपाशी बसवायचं, हे माझ्या मळ्यात होत नाही, धाकटे. रोज त्यांच्याजवळून जावं लागतं मला."

धाकटीला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती चिडली. एक अख्खा हंगाम पाण्यात गेला होता. राखेनेही माती चुन्यासारखीच बदलते. त्यामुळे कोरे वाफे कोरे राहिलेच नव्हते, आणि बाकीचे सहा कशाशी ताडून बघायचे हा प्रश्नच उरला होता. त्यातून बोलता बोलता कळलं, की शेगडीत वन्संनी जुन्या खिडक्यांची रंगवलेली लाकडंही जाळली होती. म्हणजे त्या राखेतून आणखी कोणते धातू मातीत गेले, देव जाणे. हे ऐकून धाकटी वाफ्याच्या कडेला, ओल्या मातीतच बसली. वन्सं तिच्यासाठी घरातून पाट घेऊन आल्या.

तिने प्रमुखांना जसं घडलं तसं सांगितलं. वाटलं होतं ते वैतागतील. ते खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, बाई, म्हणजे राखेनेही तेवढंच काम केलं की. महागड्या कोळशाएवढंच. वर एक साधी म्हातारी बाई, तिची शेगडी, तिचं शहाणपण. लोकांना हे फार आवडेल. धाकटीने समजावलं, की राख किती पडली, कधी पडली, कशाची होती, काहीच ठाऊक नाही; आणि मुख्य म्हणजे नऊच्या नऊ वाफ्यांतला पालक खाण्यालायक मर्यादेच्या वरच आहे. कोणताच वाफा पास झालेला नाही, मग राख त्यांच्याबरोबरीने नापास झाली याचं कौतुक कसलं? प्रमुख म्हणाले, बरोबर आहे तुमचं. आणि चौथ्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राच्या बातमीदाराला बोलावलं.

बातमीदार भला माणूस होता. धाकटीने त्याला तासभर सगळं सांगितलं, फळ्यावर आकृती काढून दाखवली. त्याने सगळं लिहून घेतलं. छापून आलं त्यात तिचं एकच वाक्य होतं, तेही अर्ध्यात तोडलेलं: 'राखेने मातीत बदल होतो, असे संशोधिका म्हणाल्या.' वर मथळा, 'आजीच्या राखेने शुद्ध केली जमीन', आणि टेबलामागे हात बांधून उभ्या असलेल्या वन्संचा फोटो. वन्संना त्यातला एकच शब्द खटकला. मी कोणाची आजी, असं त्या आठवडाभर विचारत होत्या.

धाकटीने वर्तमानपत्राला खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर, हरवलेल्या मांजराच्या जाहिरातीखाली आला. तो वाचलेला एकही माणूस तिला कधी भेटला नाही.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत संस्थेतल्या कारकून बाईंनी पिशवीतून पालकाची जुडी काढून कौतुकाने टेबलावर ठेवली. तुमच्या वन्संचा हो, म्हणाल्या. रांग लावून मिळाला. धाकटीने पान हातात घेतलं. तळहाताएवढं होतं. वरच्या तुकड्यात एवढी पानं कधी होत नसत.

संध्याकाळी ती मळ्यात गेली. वाफ्यांना वन्संनी हात लावला नव्हता, पण त्यांच्या भोवतीची जागा पेरली होती. मागणीच इतकी आहे, वन्सं म्हणाल्या, आणि पेपरात तर आलंय शुद्ध झाली म्हणून. धाकटीने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. वन्सं हो म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात टेबलावर तोच पालक. धाकटी पुन्हा गेली. पुन्हा हो. तिसऱ्या खेपेला नवऱ्याला बरोबर नेलं. त्याच्यासमोरही वन्सं हो म्हणाल्या, आणि त्याला खाऊ घालून परत पाठवलं.

चौथ्या खेपेला धाकटी मळ्यात गेलीच नाही. सकाळी सरळ बाजारात गेली. रांगेत पुढे एका शाळेच्या खाणावळीची स्वयंपाकीण उभी होती, हातात दोन मोठ्या टोपल्या. ती टोपली पुढे करणार एवढ्यात धाकटीने टोपलीवर हात ठेवला.

"हा घेऊ नका," ती म्हणाली. "ज्या मातीत हा आलाय, तिच्यावर मी काम करते. मुलांना हा घालू नका."

स्वयंपाकीण आधी हिच्याकडे, मग टेबलाकडे बघत राहिली. वन्संनी चादरीची सुरकुती हाताने सरळ केली.

"ही माझी भावजय आहे," त्या स्वयंपाकिणीला म्हणाल्या. "शिकलेली आहे. ती म्हणते तर घेऊ नका."

आणि त्यांनी आवराआवर सुरू केली. पालक, कांद्याची पात, मुळे, वरच्या तुकड्यातली निर्दोष भाजीही, सगळं एकापाठोपाठ एक टोपल्यांत भरलं. धाकटी म्हणाली की वरचं चांगलं आहे, ते राहू द्या. वन्संनी ऐकलं नाही असं दाखवलं. टेबल दुमडून काखेत मारलं आणि त्या निघाल्या. रांगेतल्या कोणीतरी टोपली उचलू लागायला हात पुढे केला, तर त्यालाही नको म्हणाल्या.

घरी नवरा चष्म्याची काच पुसत बसला. मग म्हणाला, तुझं चुकलं असं म्हणत नाही मी, पण चारचौघांत... धाकटी म्हणाली, एकांतात तीनदा सांगून झालं होतं. त्या दिवशी स्वयंपाकात मीठ पडलं नाही आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

वन्संनी बोलणं टाकलं. भावाशी बोलायच्या, पण 'तुझी बायको' असा उल्लेखही टाळायच्या. पुढच्या हंगामात धाकटी भीत भीत मळ्यात गेली, तर फाटक उघडं होतं. ती आत शिरली की वन्सं हातातलं काम ठेवून घरात जायच्या आणि ती निघेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. प्रयोग नव्याने मांडला, नवीन जागेवर, राख न पडलेल्या. या वेळी कोऱ्या वाफ्यांकडे कोणी फिरकलं नाही. उलट शेजारच्या कोंबड्या येऊन माती उकरतील म्हणून त्यांच्या बाजूने कोणीतरी खोकी उभी करून ठेवली होती, आणि एका फटीत स्वयंपाकघरातली मोडकी खुर्ची. धाकटीने ती खुर्ची ओळखली. खिडकीकडे बघितलं; पडदा ओढलेला होता. आभार मानायला ती दारापर्यंत गेली, कडी वाजवली, थोडं थांबली आणि परत आली.

निकाल या वेळी स्वच्छ आला. चुन्याच्या वाफ्यांत पालकातला धातू जवळपास निम्मा झाला होता. कोळसा आणि खताच्या वाफ्यांत तो त्याहून जरा कमी घटला होता. म्हणजे उपाय लागू पडला होता. आणि तरीही तो निम्मासुद्धा मर्यादेच्या वरच होता. माती होतीच तितकी वाईट. धाकटीने आकडे तीन वेळा तपासले, कुठे चूक सापडते का म्हणून, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, चूक सापडली तर बरं.

तिला आणखी दोन हंगाम हवे होते. चुना आणि खत एकत्र घालून बघायचं होतं, पालकाच्या जागी शेंगा आणि फळभाज्या लावून बघायच्या होत्या, कारण पानांत जितका धातू चढतो तितका फळांत चढत नाही. प्रमुखांनी आकडे बघितले आणि सुस्कारा टाकला. निम्मं झालं आणि तरी खाऊ नका, हे कोणाला सांगायचं बाई? वरचे लोक विचारतात, जमीन सुधारली की नाही, हो की नाही. धाकटी म्हणाली, थोडी सुधारली, पुरेशी नाही. प्रमुख म्हणाले, हे उत्तर नव्हे. प्रयोग बंद झाला. यंत्र खेळाच्या मैदानांच्या हिरवळीवरच्या नव्या कामाला दिलं गेलं. त्या कामाचा फलकसुद्धा रंगीत होता.

तिने जे हाती होतं त्याचा लेख लिहून पाठवला. परीक्षकाने विचारलं, पहिल्या हंगामाची माहिती का वगळली? तिने बरीच वाक्यं लिहिली आणि खोडली. शेवटी एवढंच ठेवलं: 'जमीनमालकिणीने कोऱ्या वाफ्यांत राख घातली.' परीक्षकाने पुढे काही विचारलं नाही.

वन्संना निकाल सांगायचा होता. नवरा म्हणाला, मी सांगतो. ती म्हणाली, नको, माझं काम आहे. या वेळी वन्सं घरात गेल्या नाहीत. कदाचित भावाने आधी काही कानावर घातलं असेल. पायरीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं:

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना जे घातलं, त्यातून किती जणांना काय झालं असेल?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली.

"अंदाज?"

"तोही नाही सांगता येत, वन्सं. एखाद्याने कधीतरी खाल्ला तर बहुधा काही नाही. ज्यांनी रोज खाल्ला, वर्षानुवर्षं..." ती थांबली, कारण रोज खाणारं माणूस तिच्यासमोर बसलं होतं. "तुम्ही डॉक्टरांना दाखवून घ्या. एकदाच. माझ्यासाठी."

"एवढं शिकून तुला माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं, आणि धाकटीला ते टोमण्याहून जास्त लागलं.

डॉक्टरांकडे त्या गेल्या, भावाबरोबर. तपासणीत निघालं की मूत्रपिंडं जरा थकलेली आहेत. ते वयाने की मातीने, हे सांगणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. मीठ कमी करा, पाणी प्या, सहा महिन्यांनी या. धाकटीने तो कागद उलटसुलट वाचला आणि ठेवून दिला. कोणाला दोष द्यायचा तर कारखान्याच्या मालकाला द्यावा, पण त्याचं नावही आता ओढ्याकाठी कोणाला आठवत नव्हतं.

खरा वैताग त्यानंतर सुरू झाला. इतके दिवस वन्सं एका अक्षरावर विश्वास ठेवत नव्हत्या. आता त्यांनी असा विश्वास ठेवला की तो आवरेना. खालच्या तुकड्यात त्यांनी पाऊल टाकणं बंद केलं. धाकटी सांगत होती, चुना घालून तिथे घेवडा लावा, टोमॅटो लावा, मी तपासून देते, ते चालेल. वन्सं म्हणाल्या, नाही. तिथलं मी कोंबडीलाही घालणार नाही. धाकटी म्हणाली, प्रश्न पानांचा आहे, फळांचा नाही. वन्सं म्हणाल्या, आधी काहीच दिसत नव्हतं तेव्हा तू म्हणालीस 'आहे'. आता तू म्हणतेस 'नाही', तर मी कशी मानू? अशा वेळी धाकटी दात ओठ खात घरी यायची. नवऱ्याने एकदा सुचवलं, की तूच थोडा घेवडा लावून खाऊन दाखव. ती म्हणाली, आधी मोजल्याशिवाय मीही खाणार नाही. तो म्हणाला, मग ताईचं काय चुकलं?

खालच्या तुकड्यात गवत माजलं. वन्संचं टेबल पुन्हा बाजारात लागलं, पण लहान झालं, आणि त्यावर पालक नव्हता. कोणी मागितला तर वन्सं का नाही ते सांगायच्या, अगदी पहिल्यापासून, कारखान्यापासून. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सोडायच्या नाहीत. काहीजणांनी त्या रस्त्याने यायचं सोडलं.

आणि मग एका दुपारी संस्थेच्या फाटकावरून निरोप आला, की बाई, कोणीतरी तुमच्याकडे आलंय आणि सामान फार आहे. धाकटी खाली गेली. वन्सं बाकावर बसल्या होत्या आणि पायांशी पावाच्या पिशव्यांची रास होती, प्रत्येकीत माती. ओढ्याच्या खालच्या अंगाला ज्यांच्या-ज्यांच्या बागा होत्या, त्या सगळ्यांकडे जाऊन त्यांनी ती गोळा केली होती.

"मोज," वन्सं म्हणाल्या.

धाकटीने एक पिशवी उघडली. वरवरची माती, मुळं, एक गोगलगाय. कोणत्या बागेतली, कुठल्या कोपऱ्यातली, किती खोल खणून घेतलेली, कशावरच काही लिहिलेलं नव्हतं. तीन पिशव्या फुटून एकमेकींत मिसळल्या होत्या. यातली एकही कामाची नव्हती. तिने ते सांगितलं, आणि सांगताना आवाज चढला, कारण सकाळपासून हिरवळीचे नमुने चाळून तिचे खांदे भरून आले होते. वन्संनी शांतपणे पिशव्यांच्या गाठी पुन्हा मारल्या.

"मग चल," त्या म्हणाल्या. "नीट कसं घ्यायचं ते तू दाखव. बोलायचं काम माझं. तुला लोकांशी बोलता येत नाही."

पुढच्या रविवारी दोघी ओढ्याकाठाने निघाल्या, एकीच्या खांद्यावर माती काढायचं नळीचं गिरमीट, दुसरीच्या हातात नव्या पिशव्या. काहींनी आत घेतलं. एका सुताराने कुंपणावरूनच सांगितलं, की आमच्या मातीला काही झालेलं नाही, आणि कुत्रा सोडला. कुत्रा म्हातारा होता, वन्संचे पाय हुंगून परत गेला. एका बाईने चहा दिला, पण माती दिली नाही. उद्या जागा विकायची म्हटलं तर कोण घेईल, असं तिचं म्हणणं होतं. वन्सं प्रत्येक दारात कारखान्यापासून सुरुवात करत होत्या. धाकटी मागे उभी राहून घड्याळ बघत होती, आणि गिरमीट वाकडं धरलं म्हणून दर बागेत त्यांना ओरडत होती. निम्म्या बागांची माती मिळाली.

प्रमुख म्हणाले, या कामाला मंजुरी नाही. जेवणाच्या सुट्टीत यंत्र रिकामं असतं, तेव्हा कोण काय करतं ते मी बघायला येत नाही. धाकटीला इतकं पुरलं. पण नमुने उकळून तयार झाले त्याच आठवड्यात यंत्र बंद पडलं. आतला एक भाग गेला होता. तो बाहेरून मागवायचा, कधी येईल ते कंपनीलाही सांगता येत नव्हतं. गाळलेल्या नमुन्यांच्या बाटल्या कपाटात रांगेने उभ्या राहिल्या.

वन्संचा रोज फोन यायचा. झालं का? नाही. आज? नाही, वन्सं, भाग आलेला नाही. एकदा धाकटीचा तोल गेला.

"माती कुठे पळून जात नाही, वन्सं. थोडा धीर धरा."

"माती नाही पळत," वन्सं म्हणाल्या. "पण ती माणसं आज संध्याकाळी त्यातलंच खाणार आहेत ना."

धाकटीने फोन ठेवला. खिडकीबाहेर हिरवळीवाल्या कामाची माणसं गाडीत पेट्या चढवत होती. तिने थोडा वेळ कपाळ दाबून धरलं, मग कंपनीचा नंबर काढला आणि त्या आठवड्यात चौथ्यांदा फिरवला. पलीकडे घंटी वाजत राहिली.